डेन्व्हरच्या ‘३४ टक्क्यां’बाबत खुलासा

अमेरिकेतील डेन्व्हर शहराने पोलिसांऐवजी समुपदेशक पाठवले आणि गुन्हेगारी ३४ टक्क्यांनी घटली, हा फिरणारा संदेश अर्धवट आहे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार’ योजनेत, फुटपाथवर कुणी असंबद्ध बडबडत बसले असल्यासारख्या, शस्त्र, मारहाण वा गंभीर दुखापत नसलेल्या प्रसंगी समुपदेशक आणि आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी व्हॅनने जातात. एरवी पोलीस आणि रुग्णवाहिका पूर्वीप्रमाणेच येतात. ३४ टक्के हा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आकडा असून तो सहा महिन्यांच्या प्रायोगिक काळातल्या, ठरावीक भागांतल्या, अनधिकृत प्रवेशासारख्या किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदींपुरता आहे. हिंसक गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, हे वाक्य मात्र संदेशातून सोयीस्करपणे गळाले आहे.