आजीच्या रामदरबार नाण्यावरच्या कमेंटला उत्तर: २१ भागिले २ म्हणजे चांदी का?

नमस्कार दादा,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. लगेच दोन ओळीत उत्तर देणार होतो पण मग म्हटलं तुम्ही स्वतः प्रयोग करून, आकडे घेऊन आलायत, तर उत्तरही नीट दिलं पाहिजे. लांबलंय, सांभाळून घ्या.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दादांच्या आजीच्या देवघरात एक नाणं आहे, एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८. मी लेखात लिहिलं होतं की असली नाणी बहुतेक वेळा पितळेवर किंवा तांब्यावर चांदीचं पाणी दिलेली असतात. त्यावर दादांनी माझाच पाण्याचा प्रयोग करून बघितला, नाण्याचं वजन २१ ग्रॅम, काट्यावरच्या पाण्यात ते दोऱ्याने लटकवल्यावर काटा २ दाखवतो (म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन), २१ भागिले २ म्हणजे साडेदहा ही घनता, आणि चांदीची घनता मीच १०.४९ लिहिलेली. शिवाय लोहचुंबक चिकटला नाही, बर्फ ठेवला तर भराभर वितळला, आणि ओळखीच्या सोनारांनी दगडावर घासून "चांदी आहे" म्हणून सांगितलं. मग मी कुठल्या आधारावर लोकांच्या देवघरातली नाणी खोटी ठरवतो, असा प्रश्न आहे, आणि हा श्रद्धेचाही विषय आहे असं त्यांचं म्हणणं.

आधी माझी चूक. लेखात मी "घरातल्या डिजिटल काट्यावर करता येईल" असं सरळ लिहून टाकलं, काटा किती बारीक मोजणारा हवा ते लिहिलंच नाही. हे लिहायलाच हवं होतं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. तुमच्या काट्याचा फोटो बघितला, तो किचनचा आहे, एक ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही. आता हे बघा. २१ ग्रॅमचं नाणं शुद्ध चांदीचं असेल तर ते पाणी बाजूला सारणार २.०० ग्रॅम, तांब्याचं असेल तर २.३४, पितळेचं असेल तर साधारण २.४७. तुमचा काटा या तिन्ही वेळेला "२" असंच दाखवणार! म्हणजे तुमचा प्रयोग चुकला असंही नाही आणि त्यातून चांदी सिद्ध झाली असंही नाही, त्या काट्याला तो फरक दिसूच शकत नाही. साडेदहा हा आकडा बरोब्बर आला तो राउंडिंगमुळे. आणि वजनाचे २१ सुद्धा साडेवीस ते साडेएकवीसमधलं काहीही असू शकतं.

म्हणून काटा हवा ०.०१ ग्रॅमचा, सोनाराकडे असतोच, ऑनलाइनही मिळतो. आधी नाणं कोरडंच ठेवून वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा कडेला लागता कामा नये, लागलं की नाण्याचं वजनच काट्यावर यायला लागतं. कडेच्या रेघांत आणि मूर्तींच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांनी आकडा वाढतो आणि खरी चांदीसुद्धा हलकी दिसते, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि पाण्यातच बोट फिरवून बुडबुडे काढा. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ आले तरच कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

आता बाकीच्या परीक्षांबद्दल. चुंबक चांदीला चिकटत नाही हे खरंच, पण तो तांब्यालाही चिकटत नाही, पितळेलाही नाही, जर्मन सिल्व्हरलाही (नावातच चांदी, असतं तांबं, निकेल आणि जस्त) सहसा नाही. चुंबक चिकटला तर चांदी नाही एवढंच कळतं, नाही चिकटला तर काहीच कळत नाही. त्याचा उपयोग कुठे होतो तर १९४७ च्या राजाछाप रुपयात, ते रुपये निकेलचे आहेत आणि चांदीचे म्हणून विकले जातात, तिथे चुंबक एका सेकंदात निकाल देतो. बर्फाचंही तसंच, उष्णता वाहून नेण्यात तांबं चांदीच्या अगदी खांद्याला खांदा लावून आहे, त्यामुळे तांब्याच्या नाण्यावरही बर्फ तसाच वितळणार. पितळ त्यात बरंच मागे पडतं हे खरं, पण शेजारी त्याच आकाराचं पितळी नाणं ठेवून बघितल्याशिवाय डोळ्यांना तो फरक कळत नाही.

सोनारांबद्दल मला नीट बोलायचंय कारण तुम्हाला वाटलं मी त्यांना अडाणी म्हणतोय. अजिबात नाही. त्यांनी दगडावर घासलं, दगडावर जी रेघ उठली ती चांदीचीच होती, त्यांनी जे दिसलं ते सांगितलं. पण हलक्या हाताने घासलं की रेघेत उतरते ती वरची कातडी, आणि मुलामा दिलेल्या नाण्याची कातडी चांदीचीच असते की! टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायचं क्ष-किरणांचं एक्सआरएफ मशीनसुद्धा वरचा काही मायक्रॉनचा थरच वाचतं, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाड प्लेटिंग असेल तर तेही फसतं. पोटात काय आहे हे बाहेरून विचारून कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, लेखातही तेच होतं आणि इथेही तेच आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही हो. जुन्या मुघल, मराठा काळातल्या रुपयांवर बारीक बारीक ठोके दिसतात बघा, फूल, चांदणी, टिंबं, नुसत्या खाचा. ते सराफांचे ठसे. रुपया हातात आला की सराफ त्यात पंच मारून आतला धातू बघायचा, कारण वरून चांदी आणि आत तांबं हा उद्योग तेव्हाही चालायचा. आज संग्राहक असे ठसे असलेली नाणी कमी भावात मागतात, मला मात्र ती फार आवडतात, कोणीतरी त्या रुपयाच्या पोटात डोकावून "बरोबर आहे" म्हटलेलं असतं. तुमच्या सोनारांनी कानस मारून बघू म्हटलं आणि तुम्ही नको म्हणालात, ते फार बरं केलंत. आजीच्या नाण्याला खाच पाडायची काही गरज नाही, पाण्याने तेच काम होतं.

वरचा रंग उलट दिशेनेही फसवतो. आमच्या आत्याकडे १९४४-४५ चे बारा रुपये होते, झिजून पिवळट पडलेले, सगळं घर म्हणायचं पाणी दिलेले आहेत, चांदी उडाली आणि पितळ दिसायला लागलं, आणि ते मोडीच्या भांड्यांबरोबर जाणार होते. मी बाराच्या बारा एकदम मोजले (एकदम मोजले की काट्याची चूक वाटली जाते, तिथे ०.१ चा काटाही चालतो). वजन १३९ ग्रॅम, पाणी १४.६, भागाकार साडेनऊच्या आसपास. पितळ इतकं जड नसतं. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली, बाकी तांबं आणि थोडं निकेल, जस्त, आणि त्या मिश्रणाची घनता साडेनऊच येते. म्हणजे पिवळे दिसत होते तरी खरे होते, अर्धी चांदी. त्याआधीचा राणीछाप रुपया मात्र ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्याची घनता १०.३ च्या आसपास येते.

आवाजाबद्दल लेखात एकच ओळ होती ती वाढवतो. वाजवून घेणे, खणखणीत, बंदा रुपया हे शब्द आपल्या भाषेत उगाच आलेले नाहीत. बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्याने हळू टिचकी मारा, चांदी लांब वाजत राहते. शिसं मिसळून घनता जुळवलेलं नाणं पाण्याच्या परीक्षेत कदाचित निसटेल, पण शिसं वाजत नाही, थड करून गप्प बसतं. म्हणून पाणी आणि आवाज दोन्ही बघायचं. फक्त नाण्याला कडी डाखलेली असेल किंवा बारीक चीर असेल तर खरी चांदीही बसक्या आवाजात बोलते, डाखामुळे घनताही थोडी हलते, तेवढं लक्षात ठेवा.

आता १८१८ चं. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. नाणं चांदीचं आहे का, हा एक, आणि ते कंपनीचं आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर वजन न करताच देता येतं, कंपनीने रामदरबारचं नाणं कधी पाडलंच नाही. १८३५ पासून सगळीकडे एकसारखी नाणी आली त्यात चांदीत कंपनीने रुपया, अर्धा, पाव आणि १८४१ पासून दोन आण्याचं नाणं काढलं, एक आणा त्यात चांदीत नव्हताच, पुढे सुटा एक आणा आला तो १९०७ मध्ये, निकेल-तांब्याचा. म्हणजे उद्या तुमचं नाणं शंभर टक्के चांदीचं निघालं तरी ते देवाचं टोकन आहे, सराफ चांदीत अशी टोकनं बनवतातही, आणि त्यात वाईट काही नाही.

श्रद्धेवरचं तुमचं वाक्य मला लागलं, खरं सांगतो. आजीने ज्याच्यावर रोज हळदकुंकू वाहिलं ते पितळेचं निघालं तर तिची पूजा पितळेची होत नाही. मी हे सगळं लिहितो ते वेगळ्याच कारणासाठी. हीच नाणी "तांदूळ खेचतात, लाखो रुपये किंमत" म्हणून विकली जातात, आमच्या ओळखीतल्या एका रिटायर्ड गृहस्थांनी पीएफमधून पैसे काढून असलं एक नाणं घेतलं, मुलांना सांगितलंही नाही. वीस मिनिटं आणि एक ग्लास पाणी एवढ्यावर ते वाचले असते. त्यांच्यासारख्या कुणाच्या तरी डोळ्यांसमोर हे यावं म्हणून मी लिहितो.

तर एक विनंती. त्याच सोनारांकडे जा, त्यांच्या काट्यावर त्यांच्यासमोरच हा प्रयोग करा आणि दोन्ही आकडे दोन दशांशांपर्यंत इथे टाका. भागाकार १०.२ ते १०.५ मध्ये आला आणि नाणं वाजलं, तर लेखात सगळ्यात वर तुमच्या नाण्याची नोंद करतो. साडेआठ-नऊच्या आसपास आला तरी टाका, लपवू नका. काट्याबद्दलची दुरुस्ती मी लेखात आत्ताच केली आहे.