काकांनी समजावून सांगितलं

जुन्या मोटारीत ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी इग्निशन कॉइल हँडबॅगेत नेऊ नये, असं विमानतळावरच्या कुठल्याही फलकावर लिहिलेलं नव्हतं. चाकू, कात्री, लायटर, क्रिकेटची बॅट, सगळ्यांची चित्रं होती. सुकं खोबरं नको, हेही आम्हाला माहीत होतं. त्यात तेल इतकं की साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले त्याला धोकादायक मालात धरतात. आईने बांधलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मी घरीच काढून ठेवल्या आणि त्याबद्दल मुंबईपर्यंत बोलणी खाल्ली. कॉइलचं चित्र मात्र कुठेच नव्हतं. तेव्हा सगळ्या रांगेसमोर जे झालं त्यात माझा दोष काय, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

प्रकरण थोडक्यात असं. फियाट 1100 ही गाडी नव्या अंगाने 1953 साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. आपल्याकडे तिचं पहिलं रूप ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलं गेलं, पुढे 1964 साली डिलाइट आली आणि शेवटी पद्मिनी. तिच्या वर्धापनाचा मेळावा इटलीत, तुरिनजवळ. सांगलीच्या माणसाला या गाडीची आपुलकी असायला कारण आहे: विश्रामबागला ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवायची. इटलीत 1100 चं उत्पादन 1969 ला थांबलं; आपण त्यानंतर तीस वर्षं तीच गाडी काढत राहिलो. त्याला चिकाटी म्हणा किंवा दुसरं काही. पण त्यामुळे तिकडच्या लोकांना आपल्या गाडीचं फार कुतूहल. संयोजकांनी कळवलं, आपापल्या देशात बनलेले भाग आणा, टेबलावर मांडू.

आता भाग कोणता न्यायचा? पेट्रोलचा वास लागलेली कुठलीही वस्तू विमानात चालत नाही, त्यामुळे वापरलेला कार्बोरेटर आणि पेट्रोल पंप बाद. बॅटरीचं नाव काढायचं नाही. ब्रेक ड्रम नेला तर चारजणांच्या वजनातलं एकाचं गेलं. रबरी गॅस्केटं कोणी बघत नाही. उरला इग्निशनचा संच: डेल्कोची, म्हणजे ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, पाच वायरी आणि पाऊण किलोची कॉइल. सगळं कोरं करकरीत, खोक्यातलं. पेट्रोल नाही, आम्ल नाही, वीज नाही. याहून निरुपद्रवी वस्तू अख्ख्या गाडीत शोधून दाखवावी.

मग हे सगळं मोठ्या बॅगेत का टाकलं नाही, असं बायको अजून विचारते. कॅप बेकेलाइटची असते. बॅगा फेकणाऱ्यांनी ती एकदा आपटली की केसासारखी चीर जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला दिसते. ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी त्या चिरेतून पळते आणि इंजिन मिसिंग मारतं. पावसाळ्यात तर हमखास. आईचा तोडगा होता, की कॅप भडंगाच्या पिशवीत खुपसावी, धक्का बसणार नाही. धक्क्याचं बरोबर होतं. पण भडंगाला तेल-मसाला असतो, तो आतल्या पितळी टोकांवर बसला की तिथे धूळ धरते आणि विजेला फुकटची वाट मिळते. शिवाय मधला कोळसा स्प्रिंगवर असतो, त्यात एक शेंगदाणा अडकला की संपलं. म्हणून कॅप हँडबॅगेत. आणि संच फोडायचा नाही म्हणून कॉइलही.

क्ष-किरणाच्या पडद्यावर ते कसं दिसलं असेल, हे मी नंतर कल्पनेने पाहिलं. एक भरीव काळा नळकांडा, शेजारी पाच शिंगांचं गोल काहीतरी, आणि भोवती वायरींचं वेटोळं. पट्टा थांबला. जवानाने विचारलं, “ये बॅग किसका है?” बायको त्या क्षणी दोन ट्रे पुढे सरकली आणि एका अनोळखी गुजराती कुटुंबात सामील झाली.

“ये क्या है?”

“इग्निशन कॉइल. पुरानी गाडी का पार्ट.”

“बॅटरी है इसमें?”

“नहीं.”

इथे संपलं असतं. जवान समंजस होता, खोकं उघडून वास घेऊन परत देण्याच्या बेतात होता. पण माझ्या मागे पांढरा नेहरू शर्ट, टोपी ट्रेमध्ये काढून ठेवलेले एक काका उभे होते. कोरेगाव तालुक्यातले. वीस-बावीस वर्षं मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवलेले. मुलीकडे जर्मनीला निघालेले. त्यांनी कॉइल पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

“थांबा, पाव्हणं. तुम्हाला न्हाई सांगता येत. मी सांगतो साहेबास्नी.”

“काका, राहू द्या.”

“आवो, आपल्या लायनीतलं हाय!” आणि जवानाकडे वळून, “साब, ये डेल्को का टोपन. ये कॉइल. इसमें बारा व्होल्ट घुसता, और वीस हजार होके भायेर पडता.”

जवानाचा हात खोक्यावरून उचलला गेला. “कितना?”

“वीस हजार. कम नहीं, ज्यादाच हुईंगा.”

“फिर?”

“फिर ठिणगी पडता ना! स्पार्क! और उधर पेट्रोल का वाफ तय्यार रहता.” काकांनी दोन्ही हात एकमेकांवर आपटले. “धाडकन्!”

रांगेतल्या एका बाईंनी मूल उचलून घेतलं. मी म्हणालो, “साब, वो इंजिन के अंदर की बात कर रहे हैं.” पण माझं कोणी ऐकेना, कारण काका रंगात आले होते. हे माझं जुनं दुखणं आहे. आपल्याकडे ज्याला माहिती नसते तो गप्प बसत नाही हे खरं, पण ज्याला माहिती असते तो तर मुळीच बसत नाही.

“टाइमर किधर है?” जवानाने विचारलं. आता आवाज बदललेला.

“टाइमर नहीं, टायमिंग,” काकांनी प्रेमाने दुरुस्ती केली. “वो ये साहेब को बिठाना पडता. टायमिंग चुक्या तो पीछे फुटता, सायलेन्सर में. मेरा एक बार हाजीअली को फुट्या था, पूरा बस स्टॉप पळाला.”

वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं, काकांनाही घेतलं. काका त्याबद्दल कृतज्ञ दिसले. फडक्याची पट्टी माझ्या हातांवर, बॅगेवर, कॉइलवर फिरवून यंत्रात घातली. स्फोटकाचा कण असेल तर ते यंत्र बोंबलतं. ते बोंबललं नाही. बाईंनी विचारलं, कशासाठी नेताय? वाढदिवसाला, मी म्हणालो. कोणाच्या? गाडीच्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग काकांकडे वळून त्या म्हणाल्या, ये सब जोडते कैसे हैं? हा प्रश्न त्यांनी माझ्या मते शहानिशा म्हणून विचारला होता. काकांनी तो जिज्ञासा म्हणून घेतला.

“एक-तीन-चार-दो,” काका गंभीरपणे म्हणाले. “ये नंबर भूलने का नहीं. एक-तीन-चार-दो.”

बाईंनी ते लिहून घेतलं. फियाटची फायरिंग ऑर्डर एका सरकारी वहीत सांकेतिक क्रमांक म्हणून नोंदली गेली आहे. चार सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात एवढाच तो अर्थ. वायरी या क्रमाने लावल्या नाहीत तर गाडी सुरू होत नाही, फार तर कार्बोरेटरमधून शिंकते. हे मी सांगायला लागलो तर माझी मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, ‘पेटतात’ म्हणू नकोस.”

निकाल असा लागला की कॅप, रोटर, वायरी न्या; कॉइल नाही. ती सामानात टाका. सामान केव्हाच पट्ट्यावरून आत गेलेलं. म्हणजे कॉइल तिथल्या पिंपात, नेलकटर आणि पाण्याच्या बाटल्यांच्या सोबतीला. मला राग याचा आहे की बॅटरीशिवाय कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. ती डोक्यात घातली तरच धोका. आणि त्याच रांगेत प्रत्येकाच्या खिशात लिथियमची पॉवर बँक होती, जी खरोखर पेट घेऊ शकते. म्हणूनच तर ती मोठ्या सामानात चालत नाही, जवळ ठेवायची सक्ती असते, शंभर वॅट-तासांपर्यंत. म्हणजे सत्तावीस हजार एमएएचचा जिवंत विस्तव बिनधास्त न्या. पण तार नको, कारण काकांनी तिची माहिती दिली.

विमानाच्या दारापाशी काका पुन्हा शेजारी येऊन बसले. त्यांना अपराधी वगैरे काही वाटत नव्हतं. “मी व्हतो म्हणून सुटला तुमी,” म्हणाले. मग खंबाटकी. उन्हाळ्यात पद्मिनी घाटात बंद पडते ती का, हे त्यांनी मला सांगितलं, जणू मी त्या घाटातून कधी गेलोच नाही. पेट्रोल पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतं, पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. उपाय एकच: बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, बिडी लांब जाऊन ओढायची, दहा मिनिटांनी सेल्फ मारायचा. अगदी बरोबर सांगितलं. माझा राग त्यामुळे वाढलाच. माणूस चुकीचं बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

तुरिनला फियाटचा लिंगोत्तो नावाचा पाचमजली कारखाना होता, 1923 साली सुरू झालेला आणि 1982 साली बंद झालेला. कच्चा माल तळमजल्यावर आत जायचा, गाडी बनत बनत वर चढायची आणि गच्चीवरच्या धावपट्टीवर तिची चाचणी व्हायची. हे मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गळती लागत आसंल.”

व्हिसाची कथा निराळीच. अर्जात प्रवासाचं कारण म्हणून चौकोन असतात: पर्यटन, सांस्कृतिक, क्रीडा, कुटुंबीय वा मित्रांची भेट, इतर. जुन्या गाडीच्या वाढदिवसाचा चौकोन कोणता? सांगलीतल्या एजंटने पर्यटनावर खूण करायला लावली. ‘मित्र’ लिहिलं तर मित्राचं पत्र लागतं आणि ‘इतर’ लिहिलं तर प्रश्न लागतात. फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, विमा किमान तीस हजार युरोचा, फी माणशी नव्वद युरो, आणि बारा पूर्ण झालेल्या मुलीलाही मोठ्यांचीच. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. इटलीत गाडी भाड्याने घ्यायची तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढावा. तो एक वर्ष चालतो. आणि तिथल्या जुन्या गावात घुसण्यापूर्वी पाटी बघावी. बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागावर कॅमेरे असतात, दंड भाड्याच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी येतो.

मेळाव्यात आमच्या टेबलावर कॅप होती, वायरी होत्या, कॉइलच्या जागी तिचं रिकामं खोकं. लोक येत, बघत, हळहळत. त्यापेक्षा जास्त हळहळलो मी, तिकडच्या नियमांची चौकशी केल्यावर. इटलीत गाडी तीस वर्षांची झाली की मालकीचा वार्षिक कर माफ. रस्त्यावर काढली तर वर्षाला किरकोळ ठरावीक रक्कम. म्हातारी झाली म्हणून मान. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी तीच. तिची फी 2022 पर्यंत सहाशे होती, ती पाच हजार झाली, आणि 2025 ला वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. वर पर्यावरण कर निराळा. पन्नाशी ओलांडली तर विंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, वीस हजार भरून, दहा वर्षांसाठी. पण मग ती गाडी रोज चालवायची नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला काढायची. म्हणजे चालवायची तर दंडासारखी फी, आणि मान हवा तर चालवायची नाही. धूर सोडणाऱ्या गाड्या काढायलाच हव्यात, कबूल. पण महिन्यातून एकदा हरिपूरपर्यंत जाऊन येणाऱ्या पद्मिनीने सांगलीची हवा बिघडते म्हणणाऱ्यांनी एकदा उसाच्या हंगामात रस्त्याला लागावं.

काकांनी माझा नंबर दारापाशीच घेतला होता. रोज सकाळी सुप्रभात येतं. परवा फोटो आला: जावयाची नवी विजेवरची गाडी, बॉनेट उघडं, आत नुसतं प्लास्टिकचं झाकण. खाली लिहिलं होतं, “डेल्को कुठाय इचारलं तर जावई म्हंत्यात लागत न्हाई. कॉइल बी न्हाई. पंप बी न्हाई. मग ह्यात बिघडतं काय, ते कुणाला इचारायचं?”