पगाराला मर्यादा? तो प्रयोग होऊन गेलाय

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सहायक प्रशिक्षकांच्या पगारावर एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने) मर्यादा घालावी, असं एका लेखात सुचवलंय. पण हा प्रयोग इतर खेळांत होऊन गेलाय आणि तो कोर्टात सपशेल आपटला. १९९२ पासून बास्केटबॉलसारख्या खेळांत एका श्रेणीच्या सहायक प्रशिक्षकांना वर्षाला १६ हजार डॉलरपेक्षा जास्त द्यायला बंदी होती. एवढ्यात घर कसं चालवायचं? त्यांनी खटला भरला. १९९८ मध्ये अपील कोर्टाने तो नियम बाजारातल्या खुल्या स्पर्धेला मारक ठरवला आणि पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. आता त्या वाटेला कोण जाणार?

फुटबॉलमध्ये पगार फुगले, कारण टीव्हीचा पैसा येत राहिला आणि विद्यापीठांना तो थेट खेळाडूंना देता येत नव्हता. मग तो प्रशिक्षकांकडे वळला. २०१८ मध्येच एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) डेव्ह अरांडा या बचावाच्या प्रशिक्षकाला वर्षाला २५ लाख डॉलर दिले. २०२५ पासून खेळाडूंना वाटा मिळू लागलाय, पण पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. हाडं मोडून घेणाऱ्या पोरांना मर्यादा, त्यांना शिकवणाऱ्यांना नाही, हे मला खरंच खुपतं.

प्रशिक्षकांवर माझा राग नाही. मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली की बहुतेकदा या सहायकांचंही बिऱ्हाड पाठीवर येतं. मर्यादेची चर्चा करायचीच तर आधी खेळाडूंवरची उठवा.