तो पास बरोबरच होता

परवा बास्केटबॉलची प्रॅक्टिस संपल्यावर दोन मुलं कोर्टाच्या कडेला बसून बुटांच्या लेस सोडता सोडता भांडत होती. दोघांच्याही पाठीवर २३ नंबर. एकाची जर्सी लाल, मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सची. दुसऱ्याची पिवळी, लेब्रॉन जेम्सच्या लेकर्सची. लाल जर्सीवाला म्हणत होता, "अबे, सहा फायनल खेळला, सहाच्या सहा जिंकला. विषय संपला." पिवळ्याचं म्हणणं, "मग चाळीस हजार पॉइंट कोणाचे आहेत?" शेवटी दोघं माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. सगळ्यात मोठा खेळाडू कोण, जॉर्डन का लेब्रॉन?"

मी लेब्रॉन म्हटलं आणि लाल जर्सीवाल्याचा चेहरा पडला. "तुम्ही तर जुन्या खेळाडू, मॅडम. तुम्ही जॉर्डनच म्हणायला पाहिजे होतं." त्याचे बाबा गाडी घेऊन आले, बोलणं अर्धवट राहिलं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी होणार आहे.

जॉर्डनची भक्ती काय असते हे मला कोणी सांगायला नको. मी शाळेत असताना न्यू जर्सीचा माझा चुलतभाऊ सुट्टीत नागपूरला आला आणि येताना एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, १९९८ च्या फायनलच्या सहाव्या मॅचची कॅसेट घेऊन आला. (ही फायनल म्हणजे सात मॅचची मालिका, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन.) अमेरिकेतली कॅसेट आमच्या व्हीसीआरवर चालायची, पण रंग यायचे नाहीत. त्यामुळे बुल्सचा तो प्रसिद्ध लाल रंग मी पहिल्यांदा करडा पाहिला. शेवटचं मिनिट आम्ही किती वेळा मागे नेऊन पाहिलं असेल त्याची मोजदाद नाही. पुढे पुढे टेपच्या त्या भागात पांढऱ्या रेघा यायला लागल्या होत्या.

समोरची टीम युटा तीन पॉइंटने पुढे. जॉर्डन जाऊन ले-अप मारतो, फरक एकवर येतो. युटाची माणसं बॉल कार्ल मलोनला देतात, जॉर्डन मागून येतो आणि त्याच्या हातातून बॉल काढून घेतो. टाइमआउट नाही, घाई नाही. बॉल घेऊन पलीकडे जातो, समोर ब्रायन रसेल. उजवीकडे जोरात निघतो, थांबतो, रसेल घसरतो, आणि बॉल वर जातो. ५.२ सेकंद शिल्लक. ८७-८६. बॉल रिंगमधून गेला तरी त्याचा हात तसाच वर, मनगट खाली वळलेलं. त्या मॅचमध्ये ४५ पॉइंट. जगातल्या कुठल्याही खेळात इतका देखणा शेवट मी पाहिलेला नाही. आजही पाहताना अंगावर काटा येतो.

पण त्या एका मिनिटाने आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली. शेवटचा बॉल मोठ्या खेळाडूने स्वतः मारायचा. पास देतो तो घाबरला.

माझ्या बाबतीत ही गोष्ट २००१ मध्ये घडली. अकरावीत होते. आंतरशालेय स्पर्धेची फायनल, सिमेंटचं कोर्ट, आम्ही एका पॉइंटने मागे आणि सहा-सात सेकंद उरलेले. बॉल माझ्याकडे. मी आत शिरले, माझी डिफेंडर सोबत होतीच, तेवढ्यात रिंगखालची त्यांची उंच मुलगीही माझ्यावर आली. म्हणजे तिची माणूस मोकळी. आमची सेंटर, माझी जवळची मैत्रीण, रिंगपासून दोन पावलांवर एकटी उभी होती. मी बाउन्स पास दिला. तिच्या हातात नीट बसला. तिने ले-अप मारला, बॉल रिंगच्या कडेवरून एक फेरी मारून बाहेर आला आणि शिट्टी वाजली.

परतताना टेम्पोत कोणी बोलत नव्हतं. सर पुढच्या सीटवर होते. मागे न वळताच म्हणाले, "जॉर्डन असता तर त्याने पास दिला असता का?" मैत्रीण खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी गप्प बसले, कारण मला उत्तर माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं. जॉर्डनने पास दिला नसता.

जॉर्डनने पास दिला होता, तोही फायनलमध्येच. हे मला कळायला आणखी सहा वर्षं गेली.

२००७. मी पुण्यात नोकरीला. खेळ जवळपास सुटलेला, पण ऑफिसात दुपारी एनबीएच्या बातम्या वाचायचे. लेब्रॉन तेव्हा २२ वर्षांचा, क्लीव्हलँडकडून खेळायचा. डेट्रॉइटविरुद्ध ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलची, म्हणजे मोठ्या फायनलच्या आधीच्या फेरीची, पहिली मॅच. क्लीव्हलँड दोन पॉइंटने मागे, शेवटचे काही सेकंद. लेब्रॉन रिंगकडे जातो, डेट्रॉइटची माणसं त्याच्यावर गोळा होतात, आणि तो कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या डॉनयेल मार्शलला पास देतो. याच मार्शलने आदल्या फेरीत नेट्सविरुद्धच्या शेवटच्या मॅचमध्ये सहा थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारले होते. या वेळी चुकला. ७९-७६ ने क्लीव्हलँड हरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच सूर. याच्यात दम नाही, जॉर्डन असता तर स्वतः मारला असता.

हे वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले. टेम्पोतलं वाक्य होतं ते. शब्दसुद्धा जवळपास तेच.

त्या रात्री सायबर कॅफेत जाऊन यूट्यूबवर जॉर्डनच्या शेवटच्या मिनिटांचे व्हिडिओ पाहत बसले आणि १९९७ ची सहावी मॅच सापडली. समोर युटाच. ८६-८६. टाइमआउटमध्ये जॉर्डन बाकावर बसून आपल्या टीमच्या स्टीव्ह कर्रला सांगतोय की युटाचा स्टॉकटन मला डबल करायला, म्हणजे माझ्यावर दुसरा डिफेंडर म्हणून, येईल, आणि कर्र म्हणतोय, मी तयार असेन. कॅमेऱ्यात हे सगळं टिपलेलं आहे. मग तसंच होतं. जॉर्डन डावीकडे बॉल घेतो, स्टॉकटन कर्रला सोडून त्याच्यावर येतो, जॉर्डन पास देतो, कर्र उडी मारून शूट करतो. पाच सेकंद उरलेले असताना ८८-८६. बुल्स चॅम्पियन. जॉर्डनचे त्या दिवशी ३९ पॉइंट होते, पण बुल्सला विजेतेपद त्या चाळिसाव्या-एकेचाळिसाव्या पॉइंटने नाही, त्या पासने मिळालं.

मी तो व्हिडिओ लागोपाठ चार-पाच वेळा पाहिला. पास तोच, वाचलेली डिफेन्स तीच. डिफेन्सने दोन माणसं एकावर टाकली की कुठेतरी एक मोकळा असतो, तो शोधायचा आणि बॉल त्याच्याकडे पोहोचवायचा. कर्रचा गेला म्हणून जॉर्डन शहाणा. मार्शलचा नाही गेला म्हणून लेब्रॉन भित्रा. दोन्ही वेळा शूट करणारा हात तिसऱ्याचाच होता.

डेट्रॉइटविरुद्धची ती मालिका पुढे काय झाली हेही सांगायला हवं. पाचव्या मॅचमध्ये त्याच डेट्रॉइटच्या घरी लेब्रॉनने ४८ पॉइंट केले. क्लीव्हलँडच्या शेवटच्या ३० पैकी २९ आणि सगळ्यात शेवटचे सलग २५ एकट्याचे. दोन ओव्हरटाइमनंतर १०९-१०७, आणि विजयी ले-अपही त्याचाच. म्हणजे स्वतः मारता येत नव्हतं म्हणून पास दिला, असं म्हणायची सोयच उरली नाही. पहिल्या मॅचला पास योग्य होता, त्याने पास दिला. पाचव्या मॅचला स्वतः मारणं योग्य होतं, त्याने मारलं.

आता लाल जर्सीवाल्या मुलासाठी. ६-० हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्यातून काय वगळलंय ते बघ. जॉर्डन १५ सीझन खेळला. त्यातल्या नऊ सीझनमध्ये त्याची टीम फायनलपर्यंत पोहोचलीच नाही. १९८५, ८६, ८७, तिन्ही वर्षं पहिल्याच फेरीत बाहेर. मग तीन वर्षं डेट्रॉइटने अडवलं. लेब्रॉन दहा फायनल खेळला, त्यातल्या २०११ ते २०१८ सलग आठ. चार जिंकला, सहा हरला. पहिल्या फेरीत हरलेल्याची हार मोजायची नाही आणि फायनलपर्यंत जाऊन हरलेल्याची मोजायची, हा कुठला हिशेब? २०१५ च्या फायनलमध्ये केव्हिन लव्ह आधीच जायबंदी, कायरी अर्व्हिंग पहिल्याच मॅचमध्ये जखमी. तशा टीमला घेऊन त्याने गोल्डन स्टेटला सहा मॅचपर्यंत नेलं. ६-० च्या हिशेबात ती नुसती एक हार.

जॉर्डनला कमी लेखायचं नाहीये मला. दहा वेळा लीगमध्ये पॉइंटची सर्वाधिक सरासरी, १९८८ मध्ये सर्वोत्कृष्ट डिफेंडरचा मान, कारकिर्दीची सरासरी ३०.१. बॉल रिंगमध्ये टाकण्यात आणि समोरच्याला टाकू न देण्यात त्याच्याइतका माणूस झालेला नाही. लेब्रॉनचा जंप शॉट त्याच्या जवळपासही नाही. फ्री थ्रोच्या वेळी तर मी अजूनही श्वास रोखून बसते.

पण स्वतः जॉर्डन चॅम्पियन कधी झाला ते बघा. १९८६-८७ मध्ये त्याने मॅचमागे ३७.१ पॉइंट केले आणि बोस्टनने ३-० ने घरी पाठवलं. पुढे फिल जॅक्सन हेड कोच झाले. सहाय्यक कोच टेक्स विंटर यांची ट्रँगल ऑफेन्स ही खेळण्याची पद्धत टीमने मनापासून स्वीकारली, बॉल पाच जणांच्या हातातून फिरायला लागला. १९९१ च्या फायनलमध्ये लेकर्सविरुद्ध जॉर्डनने मॅचमागे ११ हून जास्त असिस्ट, म्हणजे थेट बास्केट मिळवून देणारे पास, दिले. पाचव्या मॅचमध्ये टाइमआउटला जॅक्सननी त्याला विचारलं, मोकळा कोण आहे? जॉर्डन म्हणाला, पॅक्सन. मग बॉल पॅक्सनकडे जात राहिला. जॉन पॅक्सनने शेवटच्या चार मिनिटांत दहा पॉइंट केले आणि जॉर्डनला पहिली ट्रॉफी मिळाली. जॉर्डन जिथे सात वर्षांनी पोहोचला, लेब्रॉनने तिथूनच सुरुवात केली. २९ ऑक्टोबर २००३, सॅक्रॅमेंटोला पहिली मॅच, वय १८, २५ पॉइंट आणि नऊ असिस्ट. पुढे १० हजार पॉइंट, १० हजार रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले बॉल) आणि १० हजार असिस्ट हे तिन्ही टप्पे ओलांडणारा तो एकटाच. माझ्या दृष्टीने त्याचं मोठेपण चाळीस हजार पॉइंटपेक्षा या तीन आकड्यांच्या बेरजेत आहे.

हे सगळं म्हणताना २०११ मला झाकायचं नाहीये. डॅलसविरुद्धच्या फायनलमध्ये चौथ्या मॅचला त्याचे फक्त आठ पॉइंट. ती मालिका मी पाहिली आहे. तिथले त्याचे पास वेगळे होते. डबल टीम यायच्या आधीच तो बॉल सोडून देत होता, नजर रिंगकडे नव्हती, पाय थांबलेले होते. तो पास म्हणजे लपणं होतं. कोर्टावर उभं राहिलेल्या माणसाला हा फरक कळतो, आणि म्हणूनच २००७ च्या पासला भित्रेपणा म्हटलेलं मला सहन होत नाही.

यानंतर २०१६. क्लीव्हलँड ३-१ ने मागे, समोर सीझनमध्ये ७३ मॅच जिंकलेलं गोल्डन स्टेट. सातवी मॅच आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला होती. मी गॅसवर चहा विसरले होते, पातेलं काळं झालं. ८९-८९, दोन मिनिटांहून कमी वेळ, गोल्डन स्टेटचा इग्वोडाला ले-अपला उठतो आणि मागून धावत आलेला लेब्रॉन तो बॉल बोर्डावर दाबतो. निर्णायक थ्री मात्र कायरी अर्व्हिंगने मारला. ५२ वर्षांनी क्लीव्हलँड शहराला कुठल्यातरी मोठ्या खेळाचं विजेतेपद मिळालं. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, पाचही बाबतींत दोन्ही टीममध्ये पहिला लेब्रॉन. असं एखाद्या अख्ख्या मालिकेत कोणीही केलेलं नव्हतं.

इतकं झाल्यावरही त्याने पास देणं सोडलं नाही. २०१८ ची फायनल, पहिली मॅच, स्वतःचे ५१ पॉइंट, आणि शेवटच्या क्षणी रिंगकडे कापत जाणाऱ्या जॉर्ज हिलला पास. हिलला फाऊल मिळाला, दोनपैकी एक फ्री थ्रो गेला, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि हातातून निसटली. २०२० ची फायनल, पाचवी मॅच, ४० पॉइंट, त्याची नवी टीम लेकर्स एका पॉइंटने मागे. लेब्रॉन आत शिरतो, मायामीची माणसं त्याच्याभोवती भिंत करतात, तो समोर मोकळ्या डॅनी ग्रीनला बॉल देतो. ग्रीनच्या आजूबाजूला कोणी नाही. चुकतो. त्यानंतर ग्रीनला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. एका चुकलेल्या शॉटसाठी! लेब्रॉनने मॅचनंतर त्या पासची बाजू घेतली. दोन दिवसांनी लेकर्स जिंकले, लेब्रॉनचे २८ पॉइंट, १४ रिबाउंड, १० असिस्ट.

मार्शल, हिल, ग्रीन. तेरा वर्षांत तीन वेळा त्याच पासने घात केला, तीन वेळा जगाने नावं ठेवली, तरी चौथ्यांदा मोकळा माणूस दिसला तर तो बॉल देणार हे मला माहीत आहे. शेवटचा शॉट स्वतः मारायला हिंमत लागते, कबूल. पण माझ्या टेम्पोतल्या मैत्रिणीसारख्या कुणावर तरी भरवसा ठेवून, तो चुकला तर शिव्या आपल्याला पडणार हे ठाऊक असताना बॉल सोडायला त्याहून जास्त लागते. वीस वर्षांहून जास्त काळ हे करत आलेला माणूस माझ्या वयाचा आहे. चाळिसावा वाढदिवस झाल्यावरही तो लेकर्सकडून खेळत होता, आणि माझे गुडघे आता डेमो दाखवतानाही कुरकुरतात.

त्या मैत्रिणीशी मी या पासबद्दल पहिल्यांदा बोलले ते २०२० मध्ये, ग्रीनचा शॉट चुकला त्या दिवशी. तिनेच फोन केला होता. मॅच पाहिलीस का, एवढंच विचारलं. मग बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मी तिला म्हटलं, तो पास बरोबरच होता. ती म्हणाली, कुठला? मी म्हटलं, दोन्ही.

कमेंटमध्ये जॉर्डन लिहिणारे पुष्कळ असतील, लिहा. त्याच्या बाजूने दहा गोष्टी सांगा, मी त्यातल्या आठ मान्य करेन. फक्त त्याआधी १९९७ च्या सहाव्या मॅचचे शेवटचे तीस सेकंद आणि २०२० च्या पाचव्या मॅचचे शेवटचे तीस सेकंद एकापाठोपाठ बघा, बॉल शूट करणाऱ्याच्या हातात पोहोचतो तिथे व्हिडिओ थांबवा, आणि मग लिहा.