ओआरएसच्या पुडीबद्दल फिरणारा मेसेज पुढे ढकलू नका

डॉ. दिलीप महालनबिस यांना ओआरएसवरच्या कामासाठी मरणोत्तर मिळालेल्या पद्मविभूषणावर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मीठ-साखरेचं पाणी आपल्या आज्याही देत होत्या, त्यात शोध कसला? जे काही संशोधन झालं ते परदेशी डॉक्टरांचं. मरणोत्तर पद्म नियमात बसत नाही, घरच्यांना पैसे मिळावेत म्हणून दिलं. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, खरं औषध सलाइन. दुकानातलं ओआरएस लिहिलेलं कुठलंही पेय चालतं. आणि पुडी द्यायचीच असेल तर अख्खी पुडी एका ग्लासात घट्ट कालवून द्या, गुण लवकर येतो.

माझ्या भाचीच्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब सुरू असताना तिने मला हा मेसेज पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, ग्लासातच कालवू ना?’ म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे मुद्दे चुकीचे किंवा अर्धसत्य आहेत; हा मुद्दा मूल दगावण्याइतका घातक आहे.

मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ २.६ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५. हे सगळं एक लिटर पाण्यासाठी आहे. तेवढ्या पाण्यात विरघळवलं की द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २४५ होते आणि सोडियम लिटरला ७५ मिलिमोल. रक्ताची ऑस्मोलॅरिटी साधारण २८५ ते २९५. म्हणजे द्रावण रक्तापेक्षा पातळ राहतं आणि पाणी आतड्यातून रक्तात जातं. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोबत सोडियम ओढून घेतात आणि त्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यात सोडियम शोषायचे इतर मार्ग कोलमडतात, हा एक शाबूत राहतो. सगळा उपचार याच एका मार्गावर उभा आहे.

आता तीच पुडी २०० मिलिलिटरच्या ग्लासात कालवा. सगळं पाचपट होतं: ऑस्मोलॅरिटी १,२२५, सोडियम ३७५. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ असतं. इतकं घट्ट द्रावण पोटात गेलं की उलटं घडतं. शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम चढतं. मेंदूच्या पेशींतून पाणी निघून जातं. मूल किरकिरं होतं, मग सुस्त, मग झटके. मधल्या टप्प्यावर त्याला प्रचंड तहान लागते, आणि घरचे त्याच ग्लासातलं आणखी पाजतात. ‘गुण लवकर येतो’ म्हणणाऱ्याने हे एकदा तरी तपासायला हवं होतं.

बाजारात २०० मिलिलिटरसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. गोंधळाचं मूळ बहुधा तेच आहे. म्हणून पुडीवर पाण्याचं माप काय छापलंय ते आधी वाचा. मोठी पुडी असेल तर एक लिटरची बाटली काठोकाठ भरून स्वच्छ पातेल्यात ओता आणि त्यात पूर्ण पुडी एकदम टाका. अर्धी आज, अर्धी उद्या असं करू नका. पुडीतले क्षार एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पाणी उकळायचं ते आधी, आणि थंड करून मग पुडी टाकायची. पुडी टाकल्यावर उकळलं तर पाणी आटून द्रावण घट्ट होतं. दूध, रस, जादा साखर काहीही घालायचं नाही. २४ तासांनी उरलेलं फेकून नवं करायचं.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, त्यावरच्यांना पिववेल तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने, सावकाश. घटाघट पाजलं की उलटी होते आणि घरचे ‘याला ओआरएस पचत नाही’ म्हणून ते बंद करतात. ही चूक सर्रास होते. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवायचं. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक, साधारण दोन आठवडे, जुलाब थांबले तरी.

आज्यांच्या पाण्याचं म्हणाल तर पुडी मिळेपर्यंत ते द्यावंच. पण मापाने, चहाच्या चमच्याने: एक लिटर पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा शीग लावून भरला की मीठ पाहता पाहता दुप्पट होतं. शिवाय त्यात पोटॅशियम नाही, सायट्रेट नाही. पुडीची जागा ते घेऊ शकत नाही.

‘शोध कसला?’ यात अर्धसत्य आहे, ते मान्य करते. ओआरएस एकट्या महालनबिसांनी शोधलं असं म्हणणं चूकच. कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने द्रव देण्याचे निष्कर्ष १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडाने दिलेल्या द्रावणामुळे सलाइनची गरज किती कमी होते ते दाखवलं. हे दोघं अमेरिकन, खरं आहे. पण ते सगळं वॉर्डात चाललं होतं, जिथे आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रत्येक थेंब मोजायला प्रशिक्षित माणसं होती. वॉर्डाबाहेर, अडाणी नातेवाइकांच्या हातात हे चालणार नाही, असंच बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं.

महालनबिसांनी नेमकं हेच मत खोडून काढलं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या, सीमेजवळच्या बनगावला निर्वासितांचे लोंढे आले आणि कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. महालनबिसांनी लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम आणि खायचा सोडा २.५ ग्रॅम हे माप ठरवलं. कोलकात्यात पावडर वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरली, पिशव्या इस्त्रीने बंद केल्या, वर सूचना चिकटवल्या. बनगावला पाणी मिसळून द्रावण तोटीच्या पिंपांत भरलं आणि आई, भाऊ, जो कुणी सोबत होता त्याने पेल्याने पाजलं. लिटरला खर्च ११ पैसे.

‘जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल’मध्ये १९७३ साली आलेला त्यांचा निबंध या सगळ्याचा पुरावा आहे. ३,७०० हून अधिक रुग्ण, मृत्यू ३.६ टक्के. त्याआधी छावण्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या उपचारामागच्या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. माप नंतरही सुधारत गेलं: पोटॅशियम आलं, सोड्याच्या जागी सायट्रेट आलं, २००२ मध्ये ऑस्मोलॅरिटी ३११ वरून २४५ वर आली. तीस वर्षं ग्रॅम-ग्रॅमचा विचार झाला आहे आणि मेसेजवाला म्हणतो, ग्लासात कालवा.

पदकाबद्दल फार लिहायची गरज नाही. मरणोत्तर पद्म सहसा देत नाहीत, पण अत्यंत पात्र व्यक्तीसाठी नियमातच ती मुभा आहे. २०२३ च्याच यादीत वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनाही पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं. पैशाची गोष्ट साफ खोटी: राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं, रोख रक्कम किंवा भत्ता काहीही नाही. नावापुढे-मागे किताब म्हणून लावताही येत नाही. उशीर झाला, हे मात्र नाकारता येत नाही. त्यांना बालआरोग्य संशोधनासाठीचा पॉलिन पुरस्कार २००२ मध्ये, थायलंडचा प्रिन्स महिडॉल पुरस्कार २००६ मध्ये. आपली घोषणा २५ जानेवारी २०२३ ला, ते १६ ऑक्टोबर २०२२ ला गेल्यानंतर. या उशिराचा राग मलाही आहे. पण पद्मसाठी शिफारस कोणताही नागरिक ऑनलाइन करू शकतो, कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत. हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हयात असलेल्या एखाद्या डॉक्टरसाठी ती भरावी.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, हे बरोबर आहे. ते त्याचं कामच नाही. गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं हे काम, आणि माणूस मरतो तो ते भरून न निघाल्याने. सलाइन लागतं, पण कधी? मूल ग्लानीत असेल, पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर अगदी सावकाश सपाट होत असेल, तर क्षणही न घालवता रुग्णालय गाठा. वाटेत पिता येत असेल तर ओआरएस पाजत राहा. शौचात रक्त, थांबतच नाहीत अशा उलट्या किंवा बराच वेळ लघवी नसेल तरी दाखवा. एरवी सुईची गरज नाही.

राहिलं तयार पेयांचं. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर फार आणि सोडियम कमी असतं. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. पुडीचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तरी औषधाच्या दुकानात पुडी हातात घेऊन वर दिलेले चार घटक आणि त्यांचे ग्रॅम ताडून पाहा. छोट्या पुडीत ते पाचव्या हिश्शाने असतील. जुळले नाहीत तर ती परत करून दुसरी मागा.