हिरवे दिसते ते सारे जंगल नव्हे

“नासानेच मान्य केले आहे की भारतातले जंगल वाढले, कार्बन डायऑक्साइड हे झाडांचे अन्न असल्यामुळे हे होणारच होते, वाढलेल्या पानांत कार्बनही तितकाच जास्त साठला, तेव्हा हवामान बदलाची ओरड फोल आहे.” अशा आशयाचा मजकूर, सोबत भारत आणि चीन गडद हिरव्या रंगात दाखवणारा जगाचा नकाशा जोडून, गेली काही वर्षे फिरत आहे. नकाशा खरा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात बोस्टन विद्यापीठातील ची चेन, रंगा मायनेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून तो आला आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र त्या अभ्यासात नाहीत, आणि काही ठिकाणी तर त्याच्या नेमके उलट आहेत.

पहिला दावा जंगल वाढल्याचा. अभ्यासकांनी जंगल मोजलेच नव्हते. त्यांनी नासाच्या उपग्रहांच्या नोंदींवरून २००० ते २०१७ या काळातले पर्णक्षेत्र, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या पानांचे क्षेत्रफळ मोजले. जगातले पर्णक्षेत्र या काळात सुमारे ५ टक्क्यांनी वाढले आणि जगातील वनस्पतींखालच्या जमिनीपैकी जेमतेम २.७ टक्के जमीन असलेल्या भारताचा त्या निव्वळ वाढीतला वाटा ६.८ टक्के होता. ही कामगिरी मोठीच आहे. पण ही पाने कुठली, हेही त्याच अभ्यासात दिलेले आहे: भारतातल्या वाढीपैकी ८२ टक्के शेतांतली, तर जंगलांतली अवघी ४.४ टक्के. चीनमध्ये जंगलांचा वाटा ४२ टक्के असल्याने हा दावा तिथे निदान अर्धामुर्धा तरी टिकला असता. आपल्याकडे तो त्याच अभ्यासातल्या आकड्यांनी निकालात निघतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी उपग्रहाच्या नकाशातला एकच चौकोन घ्यावा. त्याची बाजू ५०० मीटर, म्हणजे त्यात २५ हेक्टर किंवा साठेक एकर जमीन मावते. समजा, तिथे पूर्वी खरिपात बाजरी निघायची आणि उरलेले सात-आठ महिने रान उघडे पडायचे. पुढे बोअर घेतले, पाणी लागले, सोयाबीनच्या पाठोपाठ गहू येऊ लागला, आणि काही वर्षांनी निम्म्या रानात वर्षभर उभा राहणारा ऊस आला. त्या चौकोनातले वर्षाचे सरासरी पर्णक्षेत्र कितीतरी वाढले, नकाशावर तो हिरवा झाला. झाड मात्र एकही वाढले नाही, उलट बांधावरची बाभूळ तोडली गेली असली तरी नकाशाला त्याचा पत्ता नाही. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात तर हिरवेपणाच उपद्रव ठरला आहे. तिथे लावलेली वेडी बाभूळ इतकी पसरली की गुरांच्या चराईचे गवत तिच्याखाली दबले. उपग्रहाच्या हिशेबात मात्र पान ते पान.

यावर भारतीय वन सर्वेक्षणाचा दाखला दिला जातो. तिथेही व्याख्या वाचावी लागते: एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के असली की ती वनाच्छादनात मोडते, मग ती कुणाच्याही मालकीची असो आणि त्यावर फळबाग असो वा बांबू. इतक्या सैल व्याख्येनेही २०२३ च्या अहवालात आधीच्या अहवालाच्या तुलनेत वाढ दिसते ती १५६ चौरस किलोमीटरची.

दुसरा दावा, पाने वाढली म्हणजे कार्बन तितकाच जास्त साठला. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून जो कार्बन घेते, त्यातला बराचसा स्वतःच्या श्वसनात खर्च करते; उरतो तो तिची निव्वळ उत्पादकता. तोही किती काळ टिकतो हा प्रश्न वेगळाच. सागाच्या खोडातला कार्बन अनेक दशके राहतो, गव्हाचा मात्र खाण्यात, जनावरांच्या वैरणीत किंवा काड जाळण्यात वर्षभरात हवेत परततो. शेताची उत्पादकता वाढली म्हणून देशाला अन्न मिळाले, याबद्दल शंका नाही, पण ती वनातल्या साठ्याची जागा घेत नाही. ब्राझील आणि इंडोनेशियासारख्या उष्णकटिबंधीय देशांत नष्ट झालेल्या नैसर्गिक वनस्पतींची भरपाई या हिरवळीने होत नाही, असे अभ्यासकांनी स्वतःच सांगितले होते.

तिसरा दावा, कार्बन डायऑक्साइड हे अन्न आहे, हा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. १९८२ ते २००९ या काळातल्या जागतिक हिरवळीत या वायूचा वाटा सुमारे ७० टक्के असल्याचा अंदाज २०१६ च्या एका अभ्यासात संगणकीय प्रतिरूपांच्या (मॉडेल्सच्या) आधारे मांडला गेला होता. भात, गहू आणि कडधान्यांना या वायूचा फायदा होतो. पण ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत तो एकवटण्याची सोय मुळातच असल्याने पाण्याचा ताण नसेल तेव्हा त्यांना फारसे काही मिळत नाही. शिवाय ज्यांना मिळते, त्या गहू-तांदळातली प्रथिने, लोह आणि जस्त घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आणि हा वायू एकटा येत नाही, उष्णता घेऊन येतो. मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला, दाणा भरण्याच्या वेळीच गहू होरपळला आणि १३ मे रोजी केंद्राला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

राहिला शेवटचा दावा, काळजीचे कारण नसल्याचा. शेतातली ही हिरवळ बरीचशी भूजलावर उभी आहे, आणि भूजल आटले तर हा कल बदलू शकतो, असा इशारा २०१९ च्या त्या अभ्यासाविषयीच्या नासाच्या निवेदनातच दिलेला होता. फिरणाऱ्या मजकुरात ते वाक्य तेवढे गळले आहे. पाने मोजणाऱ्या उपग्रहाला जमिनीखालचे पाणी दिसत नाही. ते गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म फरकांवरून ताडणारी ‘ग्रेस’ ही उपग्रहांची जोडीही नासाचीच, जर्मनीच्या साथीने सोडलेली. तिच्या नोंदींनुसार ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थान या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाले, आणि पंजाब व हरियाणा त्या हिरव्या नकाशातही गडदच दिसतात.