सिलेक्ट येतं ना? मग झालंच की!

"सिलेक्ट येतं ना? मग डीबीटू झालंच की!" विश्रामबागेतल्या क्लासच्या सरांचं हे वाक्य ऐकलं की डोकं सणकतं. डीबीटू म्हणजे आयबीएमचा डेटाबेस, आणि सिलेक्ट म्हणजे त्यातून माहिती काढायची आज्ञा. काय झालं? साधी क्वेरी लिहायची तर ती ज्या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमात बसवायची, त्या कोबॉलचे नखरे आधी. ७व्या कॉलमात फुली (*) पडली की ओळ कॉमेंट, म्हणजे धरलीच जात नाही. ७२च्या पुढे गेलेलं अक्षर गडप, त्याबद्दल कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा, ब्रही काढत नाही! का? तर पूर्वी प्रोग्रॅम ज्यावर भोकं पाडून लिहायचे ते पंचकार्ड ८० कॉलमांचं होतं म्हणून. अहो, ते कार्ड आमच्या वडिलांनीही पाहिलेलं नाही! टेबलाच्या कॉलमात अंडरस्कोअर, कोबॉलच्या नावात हायफन, आणि क्वेरीत कोबॉलच्या व्हेरिएबलआधी कोलन विसरलात तर बसा बोंबलत.

बरं, लिहिलं. मग एकामागून एक पायऱ्या: प्रीकंपाइल, कंपाइल, लिंक, आणि शेवटी बाइंड, म्हणजे क्वेरी डेटाबेसशी जोडणं. तहसील कचेरीतला दाखला बरा, निदान शिपाई तरी सांगतो पुढची खिडकी कुठली. रन केलं की एरर -८०५, बाइंडमधून तयार होणारं पॅकेजच सापडत नाही. पुन्हा बाइंड केलं की -८१८, प्रोग्रॅमचा आणि पॅकेजचा टाइमस्टॅम्प जुळत नाही. जुळवला तर -३०५, नल, म्हणजे रिकामी किंमत आली! नल येईल हे आधी सांगायला काय होतं?

तेही नशिबात लॉगिन असेल तर. अख्ख्या बॅचला एकच आयडी. एकजण आत शिरला की बाकीच्यांना 'आयडी वापरात आहे'. सरांना विचारलं तर म्हणतात, "तोवर नोट्स वाचा." नोट्स? झेरॉक्सची झेरॉक्स, आणि बाइंडचं पानच कोरं!